काठी कोणत्या हातात धरावी?

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला होता, 'एका जवानाचे अनुभव'. पण त्या विषयावर ज्यांच्याबद्दल बोलावे अशी माणसे फार मोठी आहेत. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी 1971 च्या युद्धात पाय गमावला आणि पुढे पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व केले. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्यांना माझे वंदन. मी आज साध्या काठीबद्दल बोलणार आहे. शौर्याचा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळी येतो. काठी रोज सकाळी हातात घ्यावी लागते.

2001-02 मध्ये पश्चिम सीमेवर सैन्य उभे राहिले, तेव्हा फार मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. नंतर ते काढावे लागले. त्या कामात मी सॅपर होतो. एका स्फोटात माझ्या डाव्या खुब्याचे स्नायू गेले. पाय वाचला, पण त्यातली ताकद गेली. मी तेव्हा 23 वर्षांचा होतो. आपल्याकडे मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात. माझ्या वडिलांच्या काठीलाच काठी लागली! डिप्लोमा आणि रेल्वेची नोकरी हे सगळे त्यानंतरचे.

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की पाय डावा अधू, मग काठी उजव्या हातात कशी? चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला कलू पाहते. खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला ओढून धरतात. पण त्यांची तरफ आखूड, म्हणून त्यांना फार जोर लावावा लागतो आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो. काठी विरुद्ध हातात घेतली की तिची तरफ लांब पडते. हाताने थोडे दाबले तरी खुब्याचा बराच भार उतरतो. पहारीने रूळ सरकवणाऱ्या आपल्या गँगमनला हे समजावून सांगावे लागणार नाही. अधू पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची, मग चांगला पाय.

दुसरी गोष्ट मापाची. रोजची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर ही काठीची लांबी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकले पाहिजे. लांब काठीने खांदा वर चढतो, आखूड काठीने माणूस वाकतो. तिसरी गोष्ट खालच्या रबरी बुटाची. त्याच्या रेषा झिजल्या की तो बदलावा. झिजलेला ब्रेक ब्लॉक आपण गाडीला ठेवत नाही, मग काठीला का ठेवावा? आणि जिन्याचा नियम चार शब्दांचा आहे : चढताना चांगला, उतरताना अधू. काठी नेहमी अधू पायासोबत. कठडा असेल तर एक हात कठड्यावर.

हे सारे शिकायला काही आठवडे पुरतात. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टींना. काठी घेतली की माणसाचा एक हात कायमचा गुंततो. माझा तर उजवा! ज्या हाताने सॅल्यूट करायचा, तीर्थ घ्यायचे, प्रसाद घ्यायचा, तोच. आरतीला टाळ्या वाजवायच्या तर काठी मनगटावर अडकवून मांडवाच्या खांबाला खांदा टेकावा लागतो. पावसात छत्री, काठी आणि भाजीची पिशवी हा हिशेब आजही जमत नाही. म्हणून मी रेनकोट आणि पाठीवरची पिशवी वापरतो. साइटवर खडीत काठी रुतते, आणि स्लीपरमधले अंतर साधारण 60 सें.मी., ते माझ्या पावलाशी जुळत नाही. तिथे मी घाई करत नाही, आणि आमचे ट्रॅकवरचे लोकही माझ्यासाठी चाल कमी करतात, न सांगता.

शिवाय लोकांच्या नजरा. गाडीत विचारतात, "लग गई क्या?" आपल्याकडच्या एखाद्या काकू म्हणतात, "अगंबाई, या वयात काठी?" माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी एका नातेवाइकाने काठी दाराबाहेर ठेवायचा सल्ला दिला होता. मी ती हातात घेऊनच आत गेलो. सगळे हवापाण्याच्या गप्पा मारत होते. मुलीने मात्र सरळ विचारले, "एका दमात किती चालता येतं?" ती आज समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे.

काही वर्षांनी वडिलांचे गुडघे दुखू लागले. त्यांनी गावच्या बाजारातून काठी आणली, ती जवळजवळ छातीपर्यंत येणारी, आणि धरायचे दुखऱ्याच बाजूला. सुट्टीत गेलो तेव्हा मी त्यांना ताठ उभे करून माप घेतले, काठी कापली, बूट बसवला आणि हात बदलायला सांगितले. अंगणात दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "आता जमतंय रे." म्हातारपणाची काठी होण्याची माझी रीत ती अशी ठरली.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. मांडवात शिरताना उतार करायचा तर तो बाराला एक असावा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तेवढी जागा नसेल तर उभा उतार करू नका. काठीवाल्याला त्यापेक्षा बुटक्या पायऱ्या आणि एक भक्कम कठडा बरा. जमिनीवरच्या वायरी बाजूने न्या. तीर्थाचे पाणी सांडले तर लगेच पुसा. हात टेकून उठता येईल अशा चार-पाच खुर्च्या ठेवा. आणि मदत करायची तर आधी विचारा. काठीचा हात कधी ओढू नका. अधू बाजूला, अर्धे पाऊल मागे चाला. तेवढे पुरते.

आपल्या घरांत कोणाची तरी काठी दारामागे उभी असेल. आज घरी गेल्यावर तिचे माप घ्या, बूट पाहा, आणि ती कोणत्या हातात धरली जाते तेही पाहा. परवाच्या मिरवणुकीत मी चौकापर्यंत चालणार आहे. जरा सावकाश ढोल वाजवा.

गणपती बाप्पा मोरया!