मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि आपले जिल्हा न्यायालय

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानाचा मजकूर)





पत्रिकेवरील विषय वाचून काहींना वाटले असेल, की हा विषय हेगच्या न्यायालयाचा आहे. खानदेशातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? आमचे म्हणणे असे, की संबंध आहे आणि तो चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनापासून सुरू होतो.

मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९२९ साली खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांचा दौरा त्यांच्याकडे आला. चाळीसगावच्या टांग्याचा अपघात आपल्या मुलांनासुद्धा पाठ आहे. अस्पृश्याला बसवून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम हातात घेतला, पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. हे आपण दरवर्षी सांगतो. परंतु त्या दिवशी ते धुळ्याच्या गाडीने एका खेड्यात कशासाठी जाऊन आले होते, हे सांगणारे फार थोडे. त्या गावच्या सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार पुकारला होता. त्याच्या चौकशीसाठी ते गेले होते. म्हणजे ज्या दिवशी ते जखमी झाले, त्या दिवशी ते एका गुन्ह्याचा तपास करून परतत होते.

मात्र त्या काळी तो कायद्याने गुन्हाच नव्हता! १८६० च्या दंडसंहितेत खून होता, मारहाण होती, चोरी होती. दुकानदाराने मीठ देऊ नये, गिरणीत दळण घेऊ नये, शेतावरची मजुरी बंद करावी, पाणवठा अडवावा आणि अशा रीतीने सबंध वस्तीला गुडघे टेकायला लावावे, याला त्या संहितेत नाव नव्हते. मारणारा एक आणि मरणारा एक अशी तिची कल्पना. एका समूहाने दुसऱ्या समूहावर केलेला गुन्हा तिच्या मापात बसत नव्हता. हे ओळखून बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत अल्पसंख्याकांच्या समितीपुढे मागणी मांडली, की बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात बहिष्काराचा उल्लेख आला. परंतु अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक वा आर्थिक बहिष्कार म्हणजे अत्याचार, असे अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट लिहिले गेले ते २६ जानेवारी २०१६ पासून. चाळीसगावच्या त्या प्रवासानंतर ८७ वर्षांनी.

जगातही याच सुमारास हाच प्रश्न उभा राहिला. राफाएल लेम्किन नावाच्या पोलंडच्या ज्यू वकिलाने १९४४ साली वंशसंहार या अर्थाचा शब्द घडवला. एखाद्या समूहाला, तो समूह आहे म्हणून नष्ट करणे, हा निव्वळ अनेक खुनांचा हिशेब नव्हे, तो वेगळाच गुन्हा आहे, हा त्याचा मुद्दा. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविषयीचा करार संमत केला. या करारात एक गोष्ट आहे ती विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावी. करार करणाऱ्या प्रत्येक देशाने आपल्या देशात तसा कायदा करायचा आहे आणि गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयाने तो खटला चालवायचा आहे. १९९८ च्या रोम करारातून निघालेले हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही देशाच्या न्यायालयानंतरच येते. देश स्वतः खटला चालवण्यास तयार नसेल किंवा समर्थ नसेल, तरच हेगने हात घालावा असा नियम आहे. तेव्हा खरे व्यासपीठ जिल्ह्याचे, राज्याचे न्यायालयच.

भारताने वंशसंहाराच्या करारावर १९४९ साली सही केली, १९५९ साली तो मंजूर केला. कायदा मात्र आजतागायत केला नाही. रोम कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि त्यात सामील झाला नाही. जिनिव्हा करारांसाठी १९६० चा कायदा आहे. पण त्याखालील तक्रार सरकारनेच केली पाहिजे, सामान्य नागरिकाच्या तक्रारीवर न्यायालय दखल घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही वंशसंहार किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे ही कलमे नाहीत. १९८४ च्या दिल्लीतील शिखांच्या हत्याकांडात सज्जन कुमार यांना शिक्षा झाली ती १७ डिसेंबर २०१८ रोजी, चौतीस वर्षांनी. त्या निकालपत्रात दिल्ली उच्च न्यायालयाने साफ म्हटले, की हे दोन्ही गुन्हे आपल्या देशी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवली पाहिजे. त्यानंतर नवी संहिता आली, पळवाट तशीच राहिली. निष्काळजीपणाने राहिली असे मानण्यास आम्ही तयार नाही.

दुसऱ्या देशांत काय घडते, याची दोन उदाहरणे सांगतो.

इसिसच्या एका माणसाने २०१५ साली एका यझिदी बाईला तिच्या पाच वर्षांच्या मुलीसह गुलाम म्हणून विकत घेतले. पुढे शिक्षा म्हणून त्या मुलीला त्याने रणरणत्या उन्हात बांधून ठेवले. मुलगी तडफडून मेली. तो ग्रीसमध्ये पकडला गेला आणि खटला चालला जर्मनीत, फ्रँकफर्टला, कारण जर्मनीने २००२ साली स्वतःचा कायदा करून असे गुन्हे कुठेही घडले तरी ते आपल्या न्यायालयात चालतील असे ठरवले होते. आईने साक्ष दिली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी त्याला जन्मठेप झाली आणि गुन्ह्यांत वंशसंहार होता. मरण पावलेली मुलगी एकच होती. किती मेले हे न्यायालयाने मोजले नाही. ती कोणत्या समूहाची होती आणि तो समूह नष्ट करण्याच्या बेतात हे कृत्य कसे बसते, हे पाहिले.

दुसरे उदाहरण कंबोडियाचे, आपल्या धम्मबांधवांच्या देशाचे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत सुमारे सतरा लाख माणसे मेली. विहार बंद झाले, भिक्खूंची चीवरे उतरवली गेली. पुढे संयुक्त राष्ट्रांशी करार करून कंबोडियाने आपल्याच न्यायव्यवस्थेत खास न्यायालय उभारले. त्यात कंबोडियन न्यायाधीश बहुसंख्य होते आणि पीडितांना खटल्यात पक्षकार म्हणून बसता येत होते. २०२२ पर्यंत शिक्षा झाली ती फक्त तिघांना. एवढ्या वर्षांत आणि एवढ्या पैशांत तीनच, असे कुणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तरी २०१८ च्या निकालात त्या बौद्ध देशातील न्यायालयाने व्हिएतनामी आणि चाम मुसलमान या अल्पसंख्याकांच्या वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध मानला, हे आम्हांस मोलाचे वाटते.

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेथील लष्कर बौद्ध देशाचे आणि काही चीवरधारी त्याच्या बाजूने बोलत होते. म्यानमारच्या न्यायालयात न्याय मिळणे अशक्य, म्हणून रोहिंग्यांच्या संघटनेने २०१९ साली थेट अर्जेंटिनात तक्रार केली. २०२३ साली पीडितांनी ब्यूनस आयर्सला जाऊन साक्षी दिल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने म्यानमारच्या सेनापतींविरुद्ध अटकेचे हुकूम काढले. आपल्या सभांतून यावर क्वचितच बोलले जाते. आरोपी सवर्ण असेल तेव्हा न्याय मागायचा आणि आरोपी स्वतःला बौद्ध म्हणवीत असेल तेव्हा गप्प बसायचे, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

आता घरी येऊ. वंशसंहाराचा कायदा नसलेल्या या देशात समूहावरील गुन्हा ओळखणारा हाताशी असलेला मुख्य कायदा १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा, ३० जानेवारी १९९० पासून लागू झालेला. आम्ही खैरलांजीला वंशसंहार म्हणत नाही. शब्द स्वस्त केला की तो कामाच्या वेळी उपयोगी पडत नाही. पण न्यायालयातली अडचण मात्र त्याच जातीची आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना गावाने ठार मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने तिचे २५ वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. शिक्षा झाली. पण दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटीचे कलम सिद्ध मानले नाही. हा सूड होता, जातीच्या कारणावरून केलेला गुन्हा नव्हता, असे ठरले. जुन्या कलमात पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला हे सिद्ध करावे लागे. आरोपीच्या मनातले कारण कागदावर कसे आणायचे? वंशसंहाराच्या खटल्यांत जगभरचे वकील याच दगडावर ठेचकाळतात.

२०१६ च्या दुरुस्तीने हा दगड बराच हलवला. आता पीडित कोणत्या जातीचा आहे हे ‘माहीत असताना’ गंभीर गुन्हा केला एवढे पुरते. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल तर ते त्याला माहीत होते असे न्यायालय गृहीत धरते. खेड्यात कोण कुणाला ओळखत नाही? गंमत अशी, की नव्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाचे जे वेगळे कलम आले, त्यात पुन्हा ‘कारणावरून’ हाच शब्द आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. उद्या असे काही घडले तर ते अफवेवरून की जमातीवरून, हा वाद नव्या कलमाखाली होणारच. विधीच्या विद्यार्थ्यांनी त्याचा आजपासून अभ्यास करावा.

कलम चांगले असूनही खटला पडतो, तो पोलीस ठाण्यात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात. नगर जिल्ह्यातील खर्ड्याच्या २०१४ च्या खुनात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. ज्याच्या शेतावर रोजची मजुरी, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहायचे, हे आपण शहरात बसून सोपे समजू नये.

म्हणून थोडे व्यवहाराचे. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, चौथ्या कलमाखाली गुन्हा होतो. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. फौजदाराने केला असेल तर पहिल्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी, पुढे बचावाचा वकील तोच मुद्दा काढतो. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हा पंधरा-अ कलमाखालचा हक्क आहे. पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी ज्येष्ठ वकील नेमू शकतात. अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी.

३१ जुलैला आपण हजारोंनी लळिंगला लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले होते ते कोर्टाच्या कामासाठी, बॅरिस्टर म्हणून. तेव्हा आमची सूचना अशी, की संस्थेच्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी जळगाव आणि धुळे येथे दोघादोघांच्या जोड्या करून विशेष न्यायालयात तारखेला बसावे, कोणता साक्षीदार कधी आला, तारीख कशासाठी पुढे गेली, हे वहीत नोंदवावे. दक्षता समितीच्या बैठका कधी झाल्या, त्यांत काय ठरले, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. साक्षीच्या दिवशी खेड्यातून येणाऱ्या बाईबरोबर बसस्टँडपासून कोर्टापर्यंत आणि परत कुणीतरी असावे. पहिली वही पुढच्या स्मरणिकेपूर्वी संस्थेकडे जमा करावी.

जय भीम! नमो बुद्धाय!