एकोणपन्नास सेकंदांचा प्रश्न



अग्निशमन सेवांच्या आपल्या परिषदेच्या अध्यक्षानं 14 एप्रिल 1944 च्या मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या स्फोटांत कामी आलेल्या 66 जवानांना वंदन करावं, मनुष्यबळ अपुरं आहे, बंब जुने झाले आहेत असं म्हणावं आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. वंदन सकाळीच झालं. जुन्या बंबांबद्दल काल दोन सत्रं झाली आणि दोन्ही वेळेपेक्षा लांबली. मी माझा वेळ एकाच गोष्टीवर घालवणार आहे. काल जेवणाच्या रांगेत ती मी वेगवेगळ्या तोंडून ऐकली: ‘समान हक्क हवेत ना, मग परीक्षाही समान द्या. मुलींना सवलत कशाला?’

असं म्हणणारे लोक टवाळ नाहीत. त्यांतल्या काहींच्या मागोमाग मी धुरात शिरलेलो आहे. त्यामुळे त्यांना प्रतिगामी ठरवून मोकळं होता येणार नाही. आणि प्रश्न रास्तच आहे. चौथ्या मजल्यावर बेशुद्ध पडलेला माणूस ऐंशी किलोचा असला, तर त्याला जिन्यापर्यंत ओढत आणणाऱ्याच्या अंगात तेवढा जोर हवाच. होज पाण्यानं भरली की ती हलकी राहत नाही, ती कोणाच्या हातात आहे हे बघून तर मुळीच नाही. निकष सैल करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की हा निकष आला कुठून?

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वनखात्यात टॉनी मियोरिन नावाची तरुणी वणव्यावर सर्वांत आधी पाठवल्या जाणाऱ्या तुकडीत काम करत होती. तिच्या कामाबद्दल वरिष्ठांची तक्रार नव्हती. मग सरकारनं या जवानांसाठी नव्या शारीरिक चाचण्या लागू केल्या. चाचण्या चार होत्या. ठरावीक वेळात पंप वाहून नेणं आणि होज ओढत नेणं ही त्यांतली प्रत्यक्ष कामाशी मिळतीजुळती चाचणी. ती मियोरिननं पार केली. अडली ती पळण्याच्या चाचणीत. अडीच किलोमीटर 11 मिनिटांत पळायचं होतं. चार प्रयत्नांतली तिची उत्तम वेळ होती 11 मिनिटं 49.4 सेकंद. तीन वर्षं वणवे विझवणाऱ्या बाईची नोकरी एकोणपन्नास सेकंदांसाठी गेली.

कामगार संघटनेनं दाद मागितली. लवादानं तिच्या बाजूनं निर्णय दिला, अपिलात तो फिरला, आणि 9 सप्टेंबर 1999 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं लवादाचा निर्णय पुन्हा उभा केला. हा निकाल आपल्या प्रत्येक भरती समितीनं वाचायला हवा. कायद्याची भाषा सोडून द्या. न्यायालयानं विचारलेले प्रश्न कोणाही स्टेशन ऑफिसरला सुचावेत असे आहेत. ही अट कामाशी जोडलेली आहे का? ती प्रामाणिकपणे घातली आहे का? आणि तिच्यावाचून काम सुरक्षितपणे होऊच शकत नाही, हे तुम्ही दाखवू शकता का? पहिल्या दोन प्रश्नांवर सरकार उत्तीर्ण झालं. तिसऱ्यावर नापास झालं.

ते का झालं, यात खरी गंमत आहे. अट विद्यापीठातल्या संशोधकांच्या अभ्यासावर बेतलेली होती, कोणी मनात आलं म्हणून घातलेली नव्हती. शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला 50 मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकलं पाहिजे, आणि त्याचं मैदानी रूप म्हणजे ती 11 मिनिटांची धाव. पण हा 50 चा आकडा काढला कसा? जे जवान काम उत्तम करत होते, आणि ते बहुतांशी पुरुष होते, त्यांची क्षमता मोजून. चांगले जवान साधारण एवढे असतात, इतकंच त्यातून कळतं. काम करायला किमान किती लागतं, ते त्यातून कळत नाही. आणि बायकांच्या बाबतीत तो आकडा वेगळा निघतो का, हे तर कोणी तपासलंच नव्हतं. लवादापुढे आलेल्या पुराव्यानुसार पहिल्या काही प्रयत्नांत 65 ते 70 टक्के पुरुष पार व्हायचे आणि 35 टक्के बायका. म्हणजे तीसएक टक्के पुरुषांवरही त्या अटीनं तोच अन्याय केला असणार. त्यांच्या वतीनं मात्र कोणी न्यायालयात गेलं नाही.

आपल्याकडचे निकष याहून शास्त्रीय आहेत, असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. चांगला फायरमन कोण, याचं उत्तर दर पिढीत बदलत गेलेलं आहे. एडिंबरोत 1824 मध्ये जेम्स ब्रेडवुडनं दल उभं केलं तेव्हा त्याला सुतार, गवंडी, छपरं घालणारे लोक हवे होते, कारण त्यांना इमारत कळायची. पुढे लंडनमध्ये खलाशांना पसंती मिळाली. दोर, उंची, रात्रीचे पहारे आणि हुकूम, सगळ्याची त्यांना सवय. मुंबईची ब्रिगेड लंडनच्याच वळणावर घडली. खलाशी गेले, वाफेचे पंप गेले, चामड्याच्या होज गेल्या. धिप्पाड गड्याचं चित्र तेवढं मागे राहिलं आणि आपण त्याची सेंटीमीटरमध्ये नोंद करून ठेवली.

उंचीचंच बघा. 2023 च्या फेब्रुवारीत दहिसरच्या मैदानावर मुंबईच्या भरतीसाठी राज्यभरातून आलेल्या मुलींचा संताप आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. मुलींसाठी अट होती 162 सेंटीमीटरची. त्या दिवशी कोणाचं चुकलं यात मी पडत नाही. मला त्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. मुलांसाठीचा आकडा त्याहून मोठा असतो. बंबावरची शिडी उतरवायला 162 पुरत असतील, तर त्याहून उंच असलेल्या पण आपल्या आकड्यात न बसणाऱ्या मुलाला आपण परत का पाठवतो? आणि पुरत नसतील, तर मुलीला आपण कोणत्या तोंडानं आगीत पाठवतो? दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. एकाच कामाच्या दोन पट्ट्या ठेवल्या, की यातली एकही पट्टी कामाची नाही हे आपण स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. शिवाय त्या मुलीवर जन्मभराचा शिक्का बसतो: सवलतीत आलेली. ती पुढे कितीही वर्द्यांवर गेली तरी मेसमध्ये कोणीतरी ते काढतंच. 30 टक्के आरक्षण हा वेगळा विषय आहे; जागा किती राखायच्या हे त्यात ठरतं. काम काय आहे हे ते ठरवत नाही, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ करण्यात आपल्याकडे बराच दम खर्ची पडतो.

आता या कहाणीची दुसरी बाजू. ती टाळली तर मी वकिली करतोय असं होईल. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाची परीक्षा 1977 मध्ये प्रथमच बायकांना खुली झाली. शारीरिक चाचणीत एकही बाई उत्तीर्ण झाली नाही. ब्रेंडा बर्कमन तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होती. तिनं शहरावर दावा लावला, आणि 1982 मध्ये न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी ती चाचणी कामाशी संबंध दाखवू न शकल्यामुळे बेकायदा ठरवली. नवी चाचणी झाली आणि चाळीसच्या आसपास बायका दलात आल्या. बर्कमनला परिविक्षेच्या शेवटी काढून टाकलं गेलं. न्यायालयानं तिला परत घ्यायला लावलं. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. पण शहरानं पुढे नवी परीक्षा बनवली, जोर आणि वेग यांवर भर देणारी. तीतही बायका मागे पडल्या. पुन्हा दावा झाला, आणि 1987 मध्ये अपील न्यायालयानं ती परीक्षा मान्य केली: परिणाम विषम आहे खरा, पण जोर आणि वेग या कामाला लागतात हे शहरानं दाखवलेलं आहे.

मला हा 1987 चा निकाल 1982 च्या निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिल्यात शहर हरलं कारण त्याच्याकडे उत्तर नव्हतं, दुसऱ्यात जिंकलं कारण उत्तर होतं. ते उत्तर मला पूर्णपणे पटतं असं नाही. बी.ए. सेट (श्वसनयंत्र) पाठीवर घेऊन वीस मजले चढणाऱ्याला एका झटक्याच्या जोरापेक्षा दमसास अधिक लागतो, आणि सिलिंडरमधली हवा कोण किती जपून वापरतो यावर जीव अवलंबून असतो. पण वाद निदान कामाबद्दलचा झाला. आपल्याकडे तो बाईच्या देहाबद्दलचा होतो.

अमेरिकेतल्या जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या संघटनांनी मिळून नव्वदच्या दशकाअखेर उमेदवारांसाठी एक चाचणी बसवली. आठ कामं सलग, 10 मिनिटं 20 सेकंदांत: जिने चढणं, होज ओढणं, शिडी उभारणं, कोंदट अंधारात रांगत शोध घेणं, पुतळा ओढत नेणं. अंगावर साडेबावीस किलोहून जास्त वजनाचं जाकीट. पुरुषाला आणि बाईला तेच वजन, तीच वेळ. पास किंवा नापास; उंची कोणी विचारत नाही. आणि 2006 मध्ये तिथल्या समान रोजगार संधी आयोगाशी झालेल्या समझोत्यानंतर चाचणीआधी उमेदवाराला ती साधनं हाताळायला देणं, सरावाची संधी देणं बंधनकारक झालं. मला ही तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते. गावाकडच्या आखाड्यात वाढलेल्या मुलाला ओझं कसं उचलायचं हे माहीत असतं. त्याच गावातल्या मुलीला तिथं कोणी पाय ठेवू दिलेला नसतो. ओझं तेवढंच ठेवा, फक्त चार आठवडे आधी तिला ते दाखवा. निवडीच्या मैदानावर मी कित्येक मुली पाहिल्या, ज्या पुतळा हातांच्या जोरावर उचलायला जात होत्या. पाय वापरायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मुलांतही असे बरेच होते, म्हणा.

भरती झाल्यावर काय? 1956 मध्ये सुरू झालेलं आणि नंतर नागपूरला आलेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, म्हणजे आपल्यातल्या अनेकांचं माहेर. तिथं 2002 मध्ये हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच मुलीनं प्रवेश घेतला, तोवर एकही मुलगी आली नव्हती. मुलींनी येऊ नये असं नियमात म्हटलेलं नव्हतं. येतील असं कोणाच्या डोक्यात नव्हतं, म्हणून वसतिगृहही नव्हतं. आज गोव्यात मोप विमानतळावर दिशा नाईक क्रॅश फायर टेंडर चालवतात. पण आपल्या कित्येक केंद्रांवर अजून तीच अवस्था आहे. चोवीस तासांची ड्युटी, एक हॉल, एक न्हाणीघर. मग अधिकारी भल्या मनानं त्या मुलीला वॉच रूममध्ये बसवतो. फोन घे, वर्दीची नोंद कर, बाहेर जाऊ नकोस. पाच वर्षांनी बढतीच्या वेळी तिच्या नावावर आगी नसतात, आणि मग आपणच म्हणतो, अनुभव कमी पडतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या मार्चमध्ये नेमकी हीच गाठ सोडवली, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणात. पुरुषांची वैद्यकीय तपासणी कायम नियुक्तीसाठी तरुणपणी झालेली, बायकांना ती संधी तेव्हा नाकारलेली. आणि आता चाळिशी-पन्नाशीत त्यांना तीच तपासणी, तेच निकष. वरवर पाहता पूर्ण समान. न्यायालयानं त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं, आणि ते ठरवताना कॅनडाच्या न्यायालयाच्या कसोटीचा आधार घेतला. ती कसोटी मियोरिनच्याच परंपरेतली. वणव्यावर पळणाऱ्या त्या तरुणीचे एकोणपन्नास सेकंद दिल्लीपर्यंत पोचले, आपल्या भरतीच्या मैदानांपर्यंत अजून यायचे आहेत.

एक शेवटचा मुद्दा, थोडक्यात. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक गटात टाकला. धुराचा अंश अंगरख्यातून घरी जातो. बसत नसलेला अंगरखा, सैल हातमोजे, चेहऱ्याला न टेकणारा मुखवटा हे फक्त बायकांचे त्रास नाहीत. लहान चणीच्या प्रत्येक पुरुषानं ते निमूट सोसलेत. गरोदर जवानाला विनातक्रार, पगार आणि ज्येष्ठता न गमावता दुसरं काम मिळण्याचा नियम आपण लिहिला, तर भाजून जखमी झालेल्या जवानालाही तोच नियम लावता येईल.

म्हणून या परिषदेपुढे मी ठरावाचा एक मसुदा ठेवतो आहे. प्रत्येक दलानं आपल्या गेल्या दहा वर्षांच्या वर्द्यांच्या नोंदी काढाव्यात. किती वेळा शिडी लागली, किती वेळा माणूस उचलावा लागला, किती मजले चढावे लागले, बी.ए. सेटवर किती मिनिटं गेली, हे मोजावं. त्यावरून एकच चाचणी बेतावी, मुलामुलींना तीच लावावी, आणि ती कशी बेतली ते जाहिरातीसोबत छापावं. तोवर उंचीची अट स्थगित ठेवावी. या शेवटच्या वाक्यावर इथं मतभेद होणार, हे मला समोरचे चेहरे सांगतायत. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. दुरुस्त्या चहाच्या सुट्टीत लेखी द्याव्यात. विरोध करणाऱ्यांना मी आधी बोलायला देणार आहे.