नाणेघाटाची वाट



बेल्लमपल्लीत जुन्नरजवळच्या नाणेघाटाविषयी बोलणे कोणास दूरचे वाटेल. परंतु येथून नैऋत्येस, गोदावरीच्या पैलतीरी कोटिलिंगाला येथे सिमुक सातवाहनाची नाणी मिळाली, आणि याच राजाचे नाव नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेले आहे.

सह्याद्रीच्या कड्याच्या खिंडीतून ही पायवाट घाटघरच्या पठारावरून कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल तिने जुन्नरास चढे व पुढे पैठणकडे जाई. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले जणू तिच्या राखणीस बसले आहेत.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. यज्ञ, दक्षिणेच्या गायी, घोडे, कार्षापण यांचे आकडे त्यात मोजून दिले आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात म्हणूनच त्याला मान आहे. राजघराण्याच्या मूर्तींचे आता केवळ पायांचे अवशेष उरले. वरची नावे मात्र नोंदली गेली आहेत. पण ज्या वाटेवर हा लेख कोरला, तिच्यावरून ओझी वाहणाऱ्यांविषयी वाचता येणाऱ्या ओळींत अवाक्षर नाही!

मला स्वतःला दानांच्या त्या यादीपेक्षा या माणसांची ओढ अधिक. त्यांच्या जगातली काही माणसे जुन्नरच्या, थोड्या नंतरच्या, लेण्यांत भेटतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने तेथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. टाक्यास लेखात ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या यवनाने अशा दोन पोढ्या दिल्या. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे कारागिरांच्या हातात लोक विश्वासाने पैसा देत. राजाच्या यज्ञाइतकीच ही गोष्ट मला मोठी वाटते.

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते, आणि घाटाच्या नावाचा संबंधही लोक त्याच्याशीच लावतात. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये लोहमार्ग. मुंबईचा माल तिकडून वाहू लागला. नाणेघाटाची वाट गावकऱ्यांपुरती उरली. आता तेथे पावसाळ्यात पदभ्रमण करणारे येतात, आणि लेण्यासमोर थांबून त्या पायांकडे पाहतात.