तांबडा क्रूस आणि आपले निशाण



युरोपातील सरदाराचे तोंड लढाईत शिरस्त्राणाआड असे. तो ओळखू येई ढालीवरच्या चिन्हावरून. म्हणून तेथील बिरुदशास्त्राने नियम घातला : रंगावर रंग नको, तो सोन्यारुप्यावर, म्हणजे पिवळ्यावर किंवा पांढऱ्यावर घालावा. इंग्रजांचा सेंट जॉर्जचा क्रूस, पांढऱ्यावर तांबडा, या कसोटीस पुरेपूर उतरतो.

इंग्रज गेले, पण त्यांचा हा क्रूस आपल्या आरमाराच्या निशाणावर १९५० नंतरही राहिला. १५ ऑगस्ट २००१ रोजी तो काढून निळे चिन्ह घातले; परंतु ती निळाई आभाळात नि पाण्यात मिसळून जाऊ लागली, आणि २००४ साली मध्यभागी अशोकस्तंभाचे सिंह घेऊन क्रूस परतला! २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे तो पुन्हा खाली आला. त्याच्या जागी निळा अष्टकोन आला, सोनेरी काठाचा. तो शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला.

येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. चिन्ह किती दुरून दिसते, हा एक. ते कोणाची ओळख सांगते, हा दुसरा. पहिल्यात तांबडा क्रूस आजही हार जात नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या दाराशी आहे. शहाडवरून वाहणारी उल्हास कल्याणच्या खाडीला मिळते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी याच खाडीत जहाजे बांधावयास आरंभ केला. जेथे स्वतःचे आरमार जन्मले, तेथल्या माणसांनी परक्याचे निशाण उतरवावे ते द्वेषाने नव्हे, तर स्वतःची ओळख पटली म्हणून, असे आम्हांस वाटते.