स्टेशनपासून चालत दहा मिनिटं



माझे वडील कामावर चालत जायचे. आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि त्यांची गिरणी होती लोअर परळला. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ते जिना उतरलेले असत. डबा घरी राहिला तर मी धावत जाऊन गेटवर देऊन यायची आणि तरीही शाळेची घंटा गाठायची. उभ्या नोकरीत कामावर जाण्यासाठी त्यांनी कधी तिकीट काढलं नाही. दहा बाय बाराची ती खोली, सामाईक नळ, संडासापुढची रांग, यांचं मला कौतुक नाही. माझ्या आईनं त्यात काय सोसलं ते मी पाहिलं आहे. पण काम आणि घर यांच्यात पायांना झेपेल एवढंच अंतर होतं, आणि ते अंतर आपण किती सहज हातचं घालवलं, हे सांगायला मी आज उभी आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांच्या गिरणीत परत गेलेच नाहीत. दोन वर्षांनी आम्ही खोली सोडली आणि डोंबिवलीला गेलो. मी तेव्हा माटुंग्याच्या कॉलेजात शिकत होते. तुम्ही ज्या नगररचनेची आज पदवी घेत आहात, तिचा पहिला धडा मला लोकलच्या दारात मिळाला: एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने ड्रॉइंगची गुंडाळी, आणि पाठीवर अख्ख्या डब्याचा भार.

इथल्या अभ्यासक्रमात तुम्ही रस्त्याची क्षमता, सिग्नलच्या वेळा, चौकातली वळणं मोजायला शिकलात. ते सगळं लागतंच. मी फक्त त्याच्या आधीचं एक माप सांगते. जो माणूस सकाळी तुमच्या चौकात अडकलाय, त्याला रात्री पाठ टेकायला कुठे परवडलं, ते आधी विचारा. जनगणनेचे आकडे उघडून बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माणसं लांब गेली, पण त्यांच्यातल्या लाखोंची कामं दक्षिणेतच राहिली. गर्दीचं मूळ इथे आहे. त्यावर आपण चाळीस वर्षं उड्डाणपूल बांधतो आहोत.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी अनेक जण लवकरच अशा एखाद्या जमिनीचा नकाशा टेबलावर पसरून बसणार आहात. सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या मधोमध, पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंच्या स्थानकांना खेटून. परवडणाऱ्या घरांसाठी यापेक्षा चांगली जागा देशात क्वचितच सापडली असती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीची जागा विकसित करताना तिचे तीन भाग करायला सांगितले: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सरकारी गिरण्यांचा एकत्रित आराखडा दिला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांपाशी माणसांना श्वास घेता येईल असा मोकळा चौक त्यात होता. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियम बदलला. ज्या जागेवर बांधकाम नाही, फक्त तिचीच वाटणी होणार, असं ठरलं. गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेली जागा असते किती? सार्वजनिक दोन वाटे आटून गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. न्यायालयाचा मान राखून मी एवढंच म्हणेन की त्या दिवशी माझ्या वडिलांच्या पिढीची घरं गेली.

घरांसाठी गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले ते सुमारे दीड लाख. घरं निघाली ती काही हजार, आणि त्यातलीही एक सोडत पनवेलजवळच्या कोनची होती.

मग त्या जमिनीवर कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांत काम करायला माणसं आली विरारहून, कल्याणहून, पनवेलहून. स्थानकं होती गिरण्यांच्या काळातली, जेव्हा कामगार त्यांच्याकडे फारसा फिरकतच नसे. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं अडकून राहिली. त्या चेंगराचेंगरीत तेवीस जणांचा जीव गेला. पूल अरुंद होता, हे खरंच. पण त्या अरुंद पुलावर एवढी माणसं आणून कुणी सोडली, हा प्रश्न नगररचनेचा आहे, म्हणजे माझा आणि आजपासून तुमचाही आहे.

आता कधी लोअर परळला उतरलात तर एखाद्या नव्या टॉवरकडे खालून वर बघा. पहिले सहा-सात मजले बिनखिडक्यांचे दिसतील. तिथे मोटारी राहतात. स्थानक हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या एकेका घराला दोन-दोन, तीन-तीन गाड्या. ज्या बाई त्या घरात स्वयंपाकाला येतात, त्यांच्याकडे गाडी नाही. त्या रोज दोन लोकल आणि एक शेअर रिक्षा करून येतात. स्टेशनशेजारी गाडीवाले आणि स्टेशनपासून कोसांवर पासवाले, अशी उलटी मांडणी आपणच मंजूर केली.

हीच चूक मेट्रोच्या बाबतीत होऊ नये म्हणून मी कळकळीने बोलते आहे. पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती पाचशे मीटरच्या पट्ट्यात चार एफएसआयपर्यंत, म्हणजे भूखंडाच्या चौपट क्षेत्रफळापर्यंत, बांधायला मुभा आहे. दाटीने बांधावं, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण स्थानक येणार म्हटलं की भाव आधी चढतो, जुना भाडेकरू निघतो, आणि त्याच्या जागी जो येतो त्याच्या खिशात गाडीची किल्ली असते. जमीन महाग आहे, तिथे स्वस्त घरं कशी बसवणार, असं मला बैठकांमध्ये नेहमी ऐकवलं जातं. अहो, ती महाग झाली कशामुळे? लोकांच्या पैशातून मेट्रो आली म्हणून! मग वाढीव एफएसआयमधला एक ठरलेला वाटा लहान घरांना, भाड्याच्या खोल्यांना, नोकरदार मुलींच्या वसतिगृहांना गेलाच पाहिजे, आणि तो तिथेच, त्याच पाचशे मीटरात. त्याच्या बदल्यात लांबच्या गावी जमीन देतो, ही सवलत नको. आणि पार्किंगची सक्ती कमी करा. मोटारीसाठी ओतलेल्या प्रत्येक मजल्याचा खर्च शेवटी घराच्या किमतीत येतो.

हे आपल्याकडे जमतच नाही, असंही नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला आणि जमिनीच्या विक्रीतून तो भरून काढला. घर, स्थानक आणि कचेरी यांचा विचार एकाच टेबलावर झाला. सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. पण नेरुळ-उरण मार्गावर बामणडोंगरी, खारकोपर या स्थानकांना लागून अलीकडे कमी उत्पन्न गटासाठी घरं बांधली गेली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

माझ्या बेलापूरच्या कार्यालयात टायपिंगचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. राहायला बदलापूरला, स्टेशनपासून आत चार किलोमीटर, कारण तिथेच परवडलं. पहाटे चारला उठून कणीक मळायची, शेअर रिक्षाने स्टेशन, मग ठाण्याला गाडी बदलून बेलापूर. गुडघे गेले तेव्हा मुलाने कर्ज काढून मोटारसायकल घेतली आणि तो त्यांना तळोज्याच्या रस्त्याने सोडू लागला. आमच्या वाहतूक सर्वेक्षणात ती मोटारसायकल ‘वाढलेलं एक वाहन’ म्हणून मोजली गेली. तो तक्ता मीच तपासला होता, आणि त्या माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसत होत्या.

त्यांनी घरांच्या सोडतीत दोनदा अर्ज भरला, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. तिसरा अर्ज खारकोपरचा भरलाय. त्या मार्गावर गाड्या अजून कमी आहेत, ते त्यांना ठाऊक आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, स्टेशनपासून चालत जाता येतं." त्यांचा मुलगा मोटारसायकलचा शेवटचा हप्ता याच दिवाळीत भरणार आहे.