बॅटमॅनला घडवणारे खलनायक

एप्रिल 1940 मध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्रविक्रेत्यांकडे 'बॅटमॅन' या नव्या नियतकालिकाचा पहिला अंक आला. पाने 64, किंमत 10 सेंट. मुखपृष्ठ पिवळेजर्द, त्यावर शहराच्या छपरांवरून दोरीने झेपावणारे बॅटमॅन आणि रॉबिन. बॅटमॅन तोवर वाचकांना नवा नव्हता. मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27व्या अंकात तो अवतरला होता आणि तिथे त्याने जम बसवला होता. रॉबिन मात्र नुकताच, त्याच मासिकाच्या 38व्या अंकात, त्याला येऊन मिळाला होता.

आज हा अंक वाचायला घेतला की आधी जाणवते ते त्यात काय नाही ते. गॉथम हे शहराचे नाव नाही, बटलर आल्फ्रेड नाही, बॅटमॅनची गुहा नाही, बॅटमोबिलही नाही. सुरुवातीच्या दोन पानांत नायकाची जन्मकथा आहे. लहानग्या ब्रूस वेनच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांचा खून होतो आणि तो गुन्हेगारीविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. ही पानेसुद्धा आधीच्या एका अंकातून उचललेली. हा माणूस का लढतो, ते या दोन पानांतून कळते. लढताना तो कुठवर जाईल, याचा पत्ता मात्र लागत नाही. पहिल्याच कथेत, म्हणजे 1939 मध्ये, त्याने एका गुन्हेगाराला ठोसा लगावून अॅसिडच्या टाकीत पाडले होते आणि त्याबद्दल त्याला तीळमात्र वाईट वाटले नव्हते. बॅटमॅनची मर्यादा ठरली ती या अंकातल्या चार कथांत, आणि ती ठरवायला लावली तीन खलनायकांनी. या अंकाचे मोल त्यात आहे.

पहिली कथा जोकरची. घराघरांत रेडिओ चालू आहे. मधेच कार्यक्रम तुटतो आणि एक थंड आवाज जाहीर करतो की आज रात्री बाराच्या ठोक्याला हेन्री क्लॅरिज मरेल आणि त्याचा हिरा चोरीला जाईल. ऐकणाऱ्यांपैकी एकजण ही थट्टा समजतो. मागे कोणीतरी मंगळाची गोष्ट सांगून सगळ्यांना घाबरवले होते ना, तसलाच हा प्रकार, असे तो म्हणतो. हा उल्लेख ऑर्सन वेल्सच्या ऑक्टोबर 1938 च्या रेडिओ-नाट्याचा. दीड वर्षापूर्वीची गाजलेली घटना लेखकाने एका वाक्यात कथेत ओवली आहे, आणि त्यामुळे जोकर एकदम त्या काळातला, शेजारच्या घरातल्या रेडिओतून बोलणारा माणूस होतो. पुढे क्लॅरिजभोवती पोलिसांचे कडे आहे, घड्याळाकडे सगळ्यांचे डोळे आहेत. बारा वाजतात आणि तो कोसळतो. चेहऱ्याचे स्नायू आवळत जातात, ओठ फाकतात, आणि प्रेताच्या तोंडावर एक भयाण हसू उरते. विष त्याला आधीच टोचलेले होते. तिजोरीतला हिराही केव्हाच बदलला गेला होता, तिथे काचेचा तुकडा होता. पहारा बसला तेव्हा गुन्हा होऊन गेलेला होता.

या जोकरला आपण नंतर ज्या रूपात पाहिले, त्या मानाने तो फार कमी हसतो. पुष्कळ चौकटींत त्याचा चेहरा गंभीर, जवळजवळ दुखावलेला आहे. त्याचे नाव, गाव, पूर्वायुष्य काहीच सांगितलेले नाही. रमीच्या डावात जोकर कुठल्याही पानाची जागा घेतो, तसा हा माणूस कुठल्याही भूतकाळाशिवाय डावात येतो. त्याला पूर्वकथा मिळायला 1951 साल उजाडावे लागले. माझ्या मते ती नसती मिळाली तरी चालले असते.

जोकरचा हा चेहरा कोणाच्या डोक्यातून निघाला, यावर पुढे अर्धे शतक वाद झाला. चित्रकार जेरी रॉबिन्सन तेव्हा विशीच्या आतला, कोलंबिया विद्यापीठात शिकता शिकता बॅटमॅनचा चित्रकार बॉब केन याच्याकडे काम करणारा. पत्त्यातल्या जोकरचे पान काढून कल्पना मांडली ती आपण, असे तो सांगे. केनच्या सांगण्याप्रमाणे लेखक बिल फिंगरने त्याला कॉनराड फाइट या जर्मन नटाचे छायाचित्र दाखवले आणि पात्र त्यावरून उतरले. ते छायाचित्र 'द मॅन हू लाफ्स' या 1928 च्या मूकपटातले, आणि चित्रपट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा. त्यातला ग्विनप्लेन हा माणूस निरपराध आहे. लहानपणी दुष्टांनी त्याचा चेहरा कापून कायमचा हसरा केला, म्हणून तो जत्रेत लोकांची करमणूक होऊन बसला. अन्याय सोसणाऱ्याचा चेहरा इथे खुनी माणसाला बहाल झाला, आणि आपले हसू तो इतरांच्या प्रेतांवर उमटवू लागला. पत्ता कोणी आणला आणि छायाचित्र कोणी, याहून ही उलथापालथ मला जास्त महत्त्वाची वाटते. फिंगरचे नाव मात्र त्याच्या हयातीत बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत अधिकृतपणे आले नाही. तो 1974 मध्ये गेला. केनच्या जोडीला त्याचे नाव छापायचे ठरले ते 2015 मध्ये. इतक्या उशिरा मिळालेल्या श्रेयाला न्याय म्हणवत नाही.

दुसऱ्या कथेतला प्रोफेसर ह्यूगो स्ट्रेंज हा जुन्या रहस्यमासिकांतल्या वेड्या शास्त्रज्ञांच्या घराण्यातला. मनोरुग्णालयातल्या रुग्णांना पळवून तो त्यांना वाढीचे द्रव्य टोचतो आणि त्यांचे अजस्र राक्षस बनवून शहरावर सोडतो. खलनायक म्हणून तो जोकरच्या जवळपासही येत नाही, पण सर्वात अस्वस्थ करणारी कथा हीच. यात रॉबिन नाही. बॅटमॅन आपल्या विमानातून मशीनगन चालवतो आणि राक्षसांना नेणाऱ्या ट्रकवर गोळ्यांचा वर्षाव करतो. एका राक्षसाच्या गळ्यात विमानाला बांधलेला फास अडकवून त्याला हवेत उचलतो आणि तो निष्प्राण होईपर्यंत लटकत ठेवतो. जीव घेणे नाइलाजाचे आहे, अशा अर्थाचे दोन शब्द तो मनाशी बोलतो, बस. आता हे राक्षस मुळात कोण? पळवून नेलेले आजारी लोक. त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यावर प्रयोग झाला. बॅटमॅनलाही तेच द्रव्य टोचले जाते, पण तो त्यावर उतारा शोधून स्वतःला वाचवतो. उतारा जर निघू शकतो, तर तो त्या बिचाऱ्यांना का देऊ नये? कथेला हा प्रश्न सुचतच नाही. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र ती मशीनगन खटकली. बॅटमॅनच्या हाती पुन्हा बंदूक द्यायची नाही, असे त्यांनी फिंगरला बजावले. नायक माणसे मारणार नाही, हा पुढे धर्मवाक्यासारखा पाळला गेलेला नियम या घटनेतून निघाला.

तिसऱ्या कथेत हवा बदलते. डॉल्फिन नावाच्या आलिशान बोटीवर एका धनाढ्य बाईंचा मौल्यवान हार चोरीला जाणार, अशी कुणकुण असते. रॉबिन तिथे सेवकाच्या वेषात चाकरीला राहतो. हार नाहीसा होतो. पायाला बँडेज बांधलेली एक म्हातारी काठी टेकत वावरत असते. आगीची खोटी घंटा वाजते आणि ही म्हातारी तरण्या पायांनी धूम पळते! हार त्या बँडेजमध्येच दडवलेला. मेकअप पुसला की खाली निघते 'द कॅट', जी पुढच्या काळात कॅटवूमन झाली. इथे तिला ना मुखवटा, ना मांजरीचा पोशाख. तिला पोलिसांकडे नेताना ती पाण्यात उडी घेते, रॉबिन मागे झेपावणार एवढ्यात बॅटमॅन त्याच्या वाटेत येतो, आणि ती निसटते. तो मुद्दाम आडवा आला हे पोराला कळते आणि वाचकालाही. एका कथेत आजारी माणसाला फास लावणारा हात पुढच्याच कथेत चोराला वाट करून देतो.

शेवटची कथा पुन्हा जोकरची. दातांच्या कवळीत लपवलेल्या रसायनांचा स्फोट करून तो तुरुंग फोडतो आणि खुनांचे सत्र पुन्हा सुरू होते. अखेरच्या झटापटीत त्याचाच सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि तो हसत कोसळतो. मूळ बेत त्याला इथे संपवण्याचा होता. हा पुन्हा उपयोगी पडेल हे एल्सवर्थ यांनी ओळखले आणि एक चौकट वाढवायला लावली. त्या चौकटीत रुग्णवाहिकेतला डॉक्टर चकित होऊन सांगतो की हा माणूस जगणार. दोन्ही निर्णय एकाच संपादकाचे. नायक मारणार नाही, आणि सर्वात मोठा वैरी मरणार नाही. बॅटमॅन आणि जोकर यांना एकमेकांशी कायमचे बांधणारी गाठ इथे बसली, आणि ती केवळ तत्त्वासाठी बसली नाही, तिच्यामागे पुढचे अंक खपवण्याचा हिशेबही होता.

अशा हिंसक कथांवर आसूड ओढायला वेळ लागला नाही. 8 मे 1940 रोजी 'शिकागो डेली न्यूज'मध्ये स्टर्लिंग नॉर्थ यांनी कॉमिक पुस्तकांना राष्ट्रीय लांच्छन ठरवणारा लेख लिहिला. 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. कॅटवूमन त्या वर्षानंतर 1966 पर्यंत अंकांतून गायब झाली. जोकर उरला, पण खोड्या काढणारा विदूषक होऊन. त्याला पुन्हा खुनी केले ते डेनिस ओनील आणि नील अॅडम्स यांनी, 1973 मध्ये, 'बॅटमॅन'च्या 251व्या अंकात. 2005 मध्ये एड ब्रुबेकर आणि डग मान्की यांनी क्लॅरिजची कथा नव्याने मांडली आणि तिला त्या मूकपटाचेच नाव दिले. 2008 च्या 'द डार्क नाइट'मध्ये हीथ लेजरचा जोकर दूरचित्रवाणीवरून शहराला धमक्या देतो, तेव्हा 1940 मधला तो रेडिओ आठवल्याशिवाय राहत नाही.

 

पहिल्या अंकाची एक उत्तम अवस्थेतली प्रत जानेवारी 2021 मध्ये लिलावात 22 लाख 20 हजार डॉलरला गेली. वाचायला तिची गरज नाही. 1975 मध्ये प्रकाशक डीसीने हा अंक मोठ्या आकारात पुन्हा छापला होता आणि त्यानंतरही तो संग्रहांतून येत राहिला. फक्त निवडक कथा म्हणून जोकरच्या दोनच वाचू नयेत. चारही कथा छापल्या त्या क्रमाने, एका बैठकीत वाचाव्यात, आणि मशीनगनच्या पानांवरून घाईने पुढे जाऊ नये.