शेठच्या कागदावर आम्ही ‘ठेकेदार’

(शिबिरात केलेलं भाषण)



दिवाळी झाली की आमच्या वाड्या ओस पडतात. पावसाळ्यात घरातले दाणे संपतात तेव्हा शेठकडून बयाणा घेतलेला असतो, म्हणून पोराबाळांसकट वीटभट्टीवर जावं लागतं. यंदा काही शेठनी नवीन टूम काढली आहे. बयाणा देताना ते कागदावर अंगठा घेतात. त्यावर लिहिलंय, ‘मी स्वतंत्र ठेकेदार असून विटा पाडून देण्याचा ठेका घेतला आहे. घेतलेली रक्कम उसनवार आहे.’

आम्ही ठेकेदार! पायात चप्पल नाही, पण ठेकेदार! ऐकून हसू येतं, पण यात डाव आहे. मजूर म्हटलं तर कायद्याने किमान वेतन द्यावं लागतं. ठेकेदार म्हटलं की काहीच नाही. उलट विटा कमी पडल्या तर आम्हीच कर्जबाजारी.

आम्ही विचारायला गेलो तर शेठ म्हणतो, ‘तुम्हाला रोज नाही, हजारी दर आहे. भाचा-पुतण्या तुम्हीच आणता. पावसाळ्यात घरी जाऊन शेती करता. मग मजूर कसले?’

हेच बोलणं पूर्वी एका मिठाच्या कंपनीनेही केलं होतं. सौराष्ट्रात कच्छच्या रणाला लागून कुडा इथे मिठागरं आहेत. तिथल्या अगरियांना रोज नव्हता, मणावर पैसे मिळत. खराब मीठ कंपनी नाकारायची, नुकसान अगरियांचं. ते घरची माणसं आणि मदतनीस घेऊन काम करायचे, पावसाळ्यात शेतीला परत जायचे. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते. तरी 1956 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हे कामगारच आहेत. का? पट्टा देण्यापासून मीठ साठवेपर्यंत देखरेख कंपनीची होती आणि अगरिया स्वतः अंगमेहनत करत होते. स्वतः राबणारा माणूस मदतीला कुणी आणलं म्हणून मालक होत नाही.

आता आमची भट्टी बघा. जागा कुणाची? शेठची. माती, साचा, तूस कुणाचं? शेठचं. मध्यरात्री चिखल तुडवायला कोण उठवतो? शेठचा माणूस. वीट नापास कोण करतो? शेठ. ती वीट आम्हाला दुसऱ्याला विकता येते का? नाही. आठवड्याची खर्चीसुद्धा त्याच्या हातून. मग आमचं काय? फक्त हातपाय. म्हणजे आम्ही मजूर. कागदावर काही लिहिलं तरी काम बदलत नाही.

आणि बयाणा? बयाणा फिटेस्तोवर दुसरीकडे जायचं नाही, असं बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारी. 1976 च्या कायद्याने ती बंद झाली. तसा करार रद्द, ते कर्जही रद्द. आणि 1982 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा वेठच आहे.

कुणी म्हणेल, आपली लढाई जमिनीची, इथे भट्टी कशाला? आम्ही सहा-सात महिने भट्टीवर असतो, तेव्हा आमचा प्लॉट मोकळा दिसतो. मग जंगलखातं म्हणतं, ‘इथे कुणी कसत नाही.’ बयाणा आम्हाला जमिनीवरून उठवतो आणि जमीन नाही म्हणून पुन्हा बयाणा घ्यावा लागतो. हे एकच जू आहे.

म्हणून आम्ही ठरवलंय. वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. घरात एक वही ठेवायची, रोजच्या विटा आणि मिळालेली खर्ची लिहायची. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यायची. बाईचं नावही वहीत वेगळं हवं, कारण तीही तेवढंच राबते. हिशोबाला एकट्याने जायचं नाही, वाडीने मिळून जायचं. आणि प्रत्येक घरातलं एक माणूस प्लॉटवर राहील अशी व्यवस्था वाडीने करायची.

शेठने विचारलं, ‘तू कोण?’ तर सांगा, आम्ही मजूर आहोत आणि आमच्या जमिनीचे धनी आहोत. ठेकेदार नाही.

जिंदाबाद!